वर्गातील गलबला आणि छडी

गुरुजी फळ्याकडे वळले की पाठीमागे कुजबुज सुरू होते, कुजबुजीचा गलबला होतो, आणि गुरुजींनी मागे वळून पाहताच सारे क्षणभर चिडीचूप होतात. हा खेळ शाळेत ज्याने पाहिला नाही, किंवा त्यात भाग घेतला नाही, असा मनुष्य विरळा. या गलबल्याचे काय करावे हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. त्याला दिलेले सर्वांत जुने उत्तर म्हणजे छडी. छडीविषयी बोलताना तापट मास्तर आणि व्रात्य पोर या दोघांच्या स्वभावावर सारा भार टाकून मोकळे होण्याची रीत आहे. परंतु शाळांचा इतिहास जरा बारकाईने पाहिला तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. छडी कोठे व कधी उगारली गेली हे मास्तरांच्या स्वभावापेक्षा, त्या वेळी वर्गातील बाकीची मुले काय करीत बसली होती यावर अधिक अवलंबून होते.

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण भागातील किरनापूर हे तहसिलीचे गाव घ्यावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख असून महाराष्ट्राची हद्द येथून फार लांब नाही. सरकारी शाळेची भाषा हिंदी. पण या परिसरात घरी कोणी पोवारी बोलतो, कोणी मराठी, तर जंगलाकडील वस्त्यांत कोणी गोंडी. एके काळी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. ते राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, आणि १८६७ च्या सुमारास भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा बनविण्यास आरंभ झाला. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा अशा सरकल्या. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांचा पूर्वेतिहास पुष्कळ अंशी एकच आहे, आणि तो सांगायचा तर पंतोजीपासून आरंभ केला पाहिजे.

पंतोजीची शाळा म्हणजे देवळाची ओवरी, नाहीतर एखाद्या सधन गृहस्थाच्या घराची ओसरी. मुलामागे मिळणारे थोडे पैसे, काही धान्य आणि सणावारी शिधा यांवर पंतोजीचा चरितार्थ चाले. विद्या मोजकी होती. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पुढे बोरूने मोडी कित्ता वळवायचा, आणि पाढ्यांपासून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीपर्यंत सारे तोंडपाठ करायचे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील शाळांची मोजदाद झाली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा व ३५ हजारांहून अधिक मुले भरली. म्हणजे शाळेमागे सरासरी वीस-एकवीस मुले आली. आजच्या शिक्षकास हेवा वाटावा असाच हा आकडा आहे.

मग वीस मुलांना सांभाळण्यास इतकी छडी कशाला लागावी? अंगठे धरून ओणवे उभे करणे, कान धरून उठाबशा, पाठीवर दगड, फार झाले तर हात बांधून आढ्याला लोंबकळत ठेवणे, अशा शिक्षांची वर्णने जुन्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतात. त्या सर्वच पंतोजींना क्रूर ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. कारण त्या शाळेच्या घडणीतच होते. तेथे इयत्ता नव्हती. चांगला मुहूर्त पाहून मूल वर्षाच्या कोणत्याही दिवशी शाळेत बसे, त्यामुळे वीस मुलांचे वीस निरनिराळे धडे असत. पंतोजी एकाचा कित्ता पाही तेव्हा एकोणीस मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत. सहा-सात वर्षांच्या मुलाने जमिनीवर मांडी घालून, हाताला काम नसताना, तास-दोन तास वाट पाहावी ही अपेक्षाच मुळी निसर्गाला सोडून होती. त्या रिकाम्या वेळात चिमटे निघत, खोड्या निघत, आणि मग छडीही निघे. उलट संध्याकाळी सारी शाळा एका सुरात परवचा म्हणू लागली, की तीच मुले तास न् तास डोलत म्हणत राहत व छडी कोपऱ्यात पडून असे. तेच पंतोजी आणि तीच पोरे असताना हा फरक पडे, कारण त्या वेळी एकही मूल रिकामे नसे.

जे मूल शाळेलाच येत नसे, त्याच्यासाठी निराळा उपाय होता. पंतोजी चार दांडगी मुले त्याच्या घरी धाडी, आणि ती त्या पळपुट्याला हातापायांना धरून, उचलून शाळेत आणीत. हिचे नाव उचलबांगडी. आज हा शब्द सरकारी अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी राखून ठेवलेला दिसतो. त्यांचे दुःख त्या पोराच्या दुःखाहून फारसे निराळे नसावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या मुलांकडून लहान मुलांना वळण लावण्याची कल्पना पंतोजीच्या शाळेत अशी आधीपासून होती, आणि केवळ पकडून आणण्यासाठीच नव्हे, तर धूळपाटीवर हात धरून गिरवून घेण्यासाठीही होती.

हीच कल्पना पुढे समुद्रापार गेली आणि परत आली. मद्रासेस अनाथ मुलांच्या एका आश्रमशाळेचा कारभार १७८९ पासून अँड्र्यू बेल या पाद्र्याकडे होता. तेथील देशी शाळांत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढतात व पुढे गेलेला मुलगा मागल्याला शिकवितो, हे त्याने पाहिले आणि आपल्या शाळेत ती रीत चालू केली. त्याचा वृत्तांत १७९७ साली लंडनमध्ये छापून निघाला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर हा तरुण गरीब मुलांसाठी शाळा चालवीत होता. त्यानेही हीच पद्धत अंगीकारून एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसविली. दहा-दहा मुलांवर एक मॉनिटर, आणि त्या मॉनिटरांवर शिक्षक. प्रत्येक मूल सतत कशात तरी गुंतलेले असल्यामुळे फटके देण्याची गरज नाही, अशी लँकेस्टरची प्रौढी होती. फटके त्याने खरोखरच टाळले. परंतु त्यांच्या जागी त्याने जे आणले ते वाचून मन खिन्न होते. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत, किंवा त्याला टोपलीत बसवून छताला टांगीत व खालून सारी शाळा त्याला हसे. शरीराला झालेली इजा टळली, आणि मनाला झालेली इजा तिच्या जागी आली. हा अदलाबदलीचा व्यवहार शाळांनी पुढेही अनेकदा केला.

मुंबईत देशी भाषांतून शिक्षण देण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिने १८२३ च्या सुमारास इलाख्यातील शाळांच्या उणिवा मांडल्या. पुस्तके नाहीत, शिकविण्याची सोपी रीत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. रीत म्हणून तिने लँकेस्टरचीच पद्धत सुचविली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी व गुजराती शिक्षक तयार करण्यात आले आणि १८२६ साली असे २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. मद्रासेच्या वाळूत जन्मलेली पद्धत लंडनचा प्रवास करून कोकणात व देशावर अशी उतरली. वर्गातील गडबड करणाऱ्यांची नावे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवणारा आजचा मॉनिटर हा तिचाच वंशज होय. शिकविण्याचे काम त्याच्याकडून गेले आणि पहारा तेवढा राहिला, ही गोष्ट वेगळी!

पुढे सरकारी शिक्षणखाती निघाली. मुंबईत १८५५ साली व मध्य प्रांतात १८६२ साली. त्यांच्याबरोबर इयत्ता, क्रमिक पुस्तके, हजेरीपट आणि तपासणी या गोष्टी आल्या. एका इयत्तेतील सारी मुले एकाच पानावर असावयाची, त्यामुळे वीस निरनिराळ्या धड्यांचा घोळ सुटला. परंतु त्याच पानावर ज्याचे चित्त पुढे धावले त्याला थांबावे लागले, आणि ज्याचे मागे राहिले त्याला काहीच कळेनासे झाले. म्हणजे वाट पाहणे संपले नाही, ते बाहेरून दिसेनासे झाले एवढेच. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा मराठी शाळांत घरोघरच्या ओळखीची झाली ती याच घडणीत. ही आज्ञा जरा निरखून पाहावी. तिच्यात मुलाने काय करावे हे मुळीच नाही; हातांनी काही करू नये व तोंडाने काही बोलू नये, एवढेच आहे. तपासणीला डेप्युटी इन्स्पेक्टर येत, त्यांना लोक दिपोटी म्हणत. दिपोटी येण्याच्या दिवशी शाळा सारवून, धुऊन, मुलांना स्वच्छ टोप्या घालून बसवीत आणि सारा वर्ग श्वास रोखून बसे. वर्ग शांत आहे यावरून वर्ग शिकतो आहे असे समजण्याची सवय मास्तरांना, पालकांना आणि गावालाही याच काळात जडली. तिची मुळे अजून निघालेली नाहीत.

या सवयीला पहिला मोठा धक्का बसला तो बालाघाटच्याच प्रांतात. १९३७ साली ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना आखली. वर्धा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. त्याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांनी या प्रांतासाठी विद्यामंदिर योजना पुढे आणली. शाळेला जमीन असावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा आशय होता. गांधीजींनाही या प्रश्नाचा कडू अनुभव होता. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर एका उद्दाम मुलाला त्यांनी रुळाने हातावर मारून शिक्षा केली होती, आणि मारताना आपणच कापत होतो हे आत्मकथेत नमूद केले आहे. त्या मारण्याचे त्यांनी पुढेही कधी समर्थन केले नाही. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम् पतिपत्नींच्या देखरेखीखाली मुले सूत कातीत, स्वयंपाक करीत, सफाई करीत व आपला कारभार सभेत बसून ठरवीत. ज्या मुलाच्या हाती दिवसभर खरे काम आहे त्याला तोंडावर बोट ठेवण्यास सांगावे लागत नाही, हे तेथे दिसून आले.

परंतु योजना सेवाग्रामबाहेर पडली तेव्हा तिचे पुष्कळ ठिकाणी काय झाले हेही सांगितले पाहिजे. मराठीत टकळी या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक सूत काढण्याची, दुसरा अखंड बडबडीचा. अनेक शाळांत पहिली टकळी तासापुरती हातात आली, तिच्या सुतात कोणाला रस नव्हता, आणि दुसरी टकळी पूर्ववत् चालू राहिली. १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर सरकारी पाठबळही आटले. काम असूनही ते मुलाला आपले वाटले नाही तर तेही वाट पाहण्यासारखेच कंटाळवाणे होते.

कामाइतकाच प्रेमाचाही मार्ग मराठी शाळेने पाहिला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते व तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांनी पाहिली. छात्रालयातील मुलांच्या अव्यवस्थित खोल्या ते स्वतः आवरून ठेवीत, आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज लिहून काढीत. मुले लाजून वळणावर आली. हा इतिहास मनोहर आहे. तथापि त्यावरून शाळांची व्यवस्था लावू पाहणे अन्यायाचे होईल. प्रत्येक गावी साने गुरुजी मिळत नाहीत, आणि एखाद्या शिक्षकाला ते होता आले नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

सामान्य शिक्षकाने काय करावे याचा शोध गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी घेतला. वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर उघडले. चौथ्या दशकाच्या आरंभी आलेल्या त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गोष्टीरूप पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी फजीत होतो, ही त्यातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट. तो मोठ्या उत्साहाने वर्गात शांततेचा खेळ मांडतो आणि मुले त्याच शांततेत नाना आवाज काढून त्याची दाणादाण उडवितात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग हलेनासा होतो. शांतता मागून मिळाली नाही, ती गोष्टीच्या मागून आली.

गिजुभाईंना १९२३ साली ताराबाई मोडक येऊन मिळाल्या व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. किरनापूरच्या जंगलपट्टीतील शिक्षकाला ओळखीची वाटेल अशीच ती परिस्थिती होती. शाळेची भाषा एक, घरची दुसरी. आणि जी मुले शाळेत यावीत ती गुरांमागे रानात. अशा मुलाला पूर्वीच्या शाळेने उनाड म्हटले असते व उचलबांगडी करून आणले असते. कोसबाडला शाळाच उठून मुलाकडे गेली. लहानग्यांसाठी पाड्यातील अंगणात वर्ग भरू लागले, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा निघाली, आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे ही शिकण्याची साधने झाली. येथे शिस्त लावण्याचा निराळा तास नव्हता. गुरांवर नजर ठेवणारे पोर जबाबदारीने वागू शकते हे आधीच सिद्ध होते. शाळेला तेवढेच ओळखावयाचे होते. अंगणात भरणाऱ्या त्या वर्गांचे अंगणवाडी हे नाव १९७५ पासून चालू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे देशभर पोहोचले.

कायद्याने छडीकडे पाहण्यास पुष्कळ उशीर केला. पोलंडात शाळेतील मारास १७८३ सालीच बंदी झाली होती, स्वीडनमध्ये १९५८ साली झाली; इंग्लंडच्या सरकारी शाळांतून वेताची छडी १९८७ साली गेली. म्हणजे आपल्याकडील छडीला विलायतेचे उदाहरण दीर्घकाळ मिळतच होते. भारतात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये त्या राज्यातील शाळांत शारीरिक शिक्षेस मुभा देणारे नियम रद्द केले. २००७ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनी आपणांस शाळेत मार बसतो असे सांगितले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केले. लँकेस्टरच्या टोपलीलाही त्याने शारीरिक माराच्याच पंक्तीला बसविले, हे या कायद्याचे शहाणपण. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असेही त्यात आहे.

परंतु छडी हातातून काढून घेणे आणि वर्गातील रिकामा वेळ भरून काढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना चालू झाली. आदिवासी वस्तीत एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि २५ मुले असतील, तर मागणी होताच सरकारने शाळा द्यावी, असा तिचा नियम होता. शाळा नसलेल्या हजारो वस्त्यांत तिने शाळा नेली, ही लहान गोष्ट नव्हे. त्या शाळेत गावातील शिकलेला एक तरुण किंवा तरुणी शिकवी, आणि त्यांना सरकारी कागदावर नाव दिले होते ‘गुरुजी’. पंचवीस मुले, निरनिराळ्या वयांची आणि निरनिराळ्या पाठांवरची, त्यांच्यापुढे एक गुरुजी. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पंतोजीच्या ओसरीचीच ही आकडेवारी, फक्त छडीवाचून. पुढे या शाळा नियमित प्राथमिक शाळांत सामील झाल्या. तरी लहान गावांतील एक-दोन शिक्षकांवर अनेक इयत्तांचा भार पडतो ही अडचण मिटली नाही. गुरुजी पहिलीला अक्षरे गिरवायला देतात तेव्हा तिसरी काय करीत असते, हा प्रश्न उरतोच.

किरनापूरसारख्या भागात त्यावर आणखी एक थर चढतो. पोवारी किंवा गोंडी बोलत वाढलेले पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात बसते, तेव्हा गुरुजी सर्वांना एकच पाठ देत असले तरी ते मूल वाटच पाहत असते. पाठ त्याच्या कानावरून जातो. शब्द त्याचे नसतात. अशा मुलाचे चित्त खिडकीबाहेर जाते, हात शेजाऱ्याच्या पाटीवर जातो, आणि खोडकर म्हणून त्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात चढते. शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे त्याच २००९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिले आहे. मात्र एका वर्गात तीन बोली बसल्या की त्या ‘शक्य तोवर’ या शब्दांवर सारा भार येतो, आणि सरकारी भाषेत ते दोन शब्द फार लवचीक असतात.

अशा वर्गात अनुभवी शिक्षक पुष्कळदा एक साधा उपाय करतो. घरची बोली आणि शाळेची हिंदी या दोन्ही ज्याला येतात अशा चौथी-पाचवीतील मुलाला किंवा मुलीला तो पहिलीच्या रांगेत बसवितो. गुरुजींनी सांगितलेली गोष्ट ते मूल लहानग्यांना त्यांच्या बोलीत सांगते, त्यांचे उत्तर हिंदीत गुरुजींना कळविते, पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घेते. बेलने मद्रासेस जे पाहिले, आणि त्याआधी पंतोजीच्या ओसरीवर जे चालत होते, तेच हे. पहारेकरी झालेल्या मॉनिटराला येथे त्याचे जुने काम परत मिळते, आणि फळ्याचा तो कोपरा त्या तासापुरता रिकामा राहतो.